पुन्हा

स्टेडियमच्या पाठीला टेकून उभा आमचा ट्रक.
खिडकी नाही. बाहेर जुलै आहे म्हणतात;
यंत्रांना ताप चढू नये म्हणून आत कायमचा हिवाळा.
मी स्वेटर घालून बसते,
आणि साठ पावलांवर चाललेली मॅच
मी एकदाही पाहिलेली नाही.

मला दिसतं ते घडून गेलेलं.

उजव्या हाताखाली एक चाक, बशीएवढं,
कडेला झिजून गुळगुळीत. डाव्या हाताशी वेगाचा दांडा.
चाक उलटं फिरवलं की चेंडू
जाळीतून निघून बुटाशी परत येतो,
पडलेला उठतो,
शिवी तोंडात मागे जाते.

रूर्द आमचा दिग्दर्शक, उत्तर हॉलंडचा,
माणसांना रंगांनी हाक मारतो. मी निळी.
"निळी, आहे?"
"आहे."
"निळी, सोड."
या आहे आणि सोडच्या मध्ये
मी सहा कॅमेऱ्यांतून एक घोटा निवडते.

कोल्दो गोलामागे, कॅमेऱ्यावर प्लास्टिक, अंगावर काही नाही.
बिलबाओचा पाऊस पडत नाही, नुसता तरंगतो,
आणि माणूस भिजल्यावर मग त्याला कळतं.
त्याच्या कॅमेऱ्यात एका सेकंदाच्या तीनशे चकत्या निघतात.
त्यांत चेंडू बुटावर चपटा होतो दाबल्या लिंबासारखा
आणि त्याच्यावरचं पाणी, सुटावं की राहावं,
हवेतच अडून बसतं.
कोल्दोला हे ठाऊक नाही.
तो म्हणतो, मला फक्त अंगावर येताना दिसतो गं चेंडू.

आई बर्मेओच्या कारखान्यात होती, तेहतीस वर्षं.
खारवलेली अँचोव्ही, बोटाएवढी.
नख कण्याखालून सरकवायचं,
काटा अख्खा यायला हवा, मांस फाटता कामा नये.
मला तिनं तिथे पाऊल टाकू दिलं नाही. हात नासतात म्हणाली.
माझ्या अंगठ्याला आता चाकाचा घट्टा आहे.
ती तो दाबून बघते, बोलत नाही.

आई मॅच बघत नाही. सोसत नाही तिला.
टीव्ही लावते आणि त्याच्याकडे पाठ करून
बटाटे सोलत बसते.
खालच्या बारमध्ये सिग्नल आधी पोचतो,
आमच्या घरी सहा-सात सेकंदांनी.
बारमध्ये गलका झाला की एदुर्नेबाई सुरी ठेवतात,
हात पुसतात, चष्मा शोधतात,
तोवर घरच्या पडद्यावरचाही गोल होऊन जातो.
ती वळते तेव्हा समोर मी असते.

म्हणजे तीन स्पर्धा झाल्या,
तिनं मूळ असं काही पाहिलेलंच नाही.
तिच्या लेखी फुटबॉल हा फार सावकाश खेळ,
माणसं पाण्याखालून चालल्यासारखी पळतात,
घाम थेंबाथेंबानं मोजून पडतो,
आणि मारलेली प्रत्येक लाथ जाळीतच जाते.
शेजारणीला सांगत होती, कशाला एवढं ओरडतात?
चुकत तर कोणीच नाही.

मंगळवारी शून्य-शून्य.
सत्तावीस रिप्ले दिले मी: ढकलाढकली, टाचा, बाहेर गेलेले हेडर.
एक दिला नाही. कोणी मागितला नव्हता.
सगळा खेळ पलीकडच्या अर्ध्यात, आणि इकडे एकटा गोलकीपर,
खांबावर बसलेला पतंग
त्या जाडजूड हातमोज्यांनी उचलायला बघतोय.
दोनदा जमलं नाही. तिसऱ्यांदा ओंजळीत घेऊन
त्यानं तो जाहिरातीच्या फळीमागे सोडला,
आणि कोणी पाहिलं का म्हणून वळून पाहिलं.

रात्री एकला डिस्क पुसतात.
त्याआधी मी तो चाकावर घेतला.
पुन्हा. आणखी हळू.
पंखांची पूड उडते ती दिसेपर्यंत.

घरी फोन केला. आई जागीच होती.
"आज सुट्टी होती का गं तुला?"